पाणलोटातली रतनवाडी

जुलै उजाडला की नगरच्या दैनिकांत रोज एक छोटी चौकट येते. घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी, भंडारदरा अशी पाच-सहा गावांची नावं आणि त्यांच्यापुढे कालच्या पावसाचे मिलिमीटर. नगरच्या सावेडी उपनगरात सकाळच्या चहाबरोबर ही चौकट शेअर बाजाराच्या भावासारखी वाचली जाते. घाटघरला दोनशेच्या वर गेला म्हणे. रतनवाडीला कालही झोडपलंच. मग कुणीतरी बाहेर बघतं. भिस्तबाग महालाच्या बाजूला आभाळ भरून आलेलं असतं, पण पडत काही नाही. नगर शहराचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळा बरा झाला तर पाच हजारांच्या आसपास जातो. म्हणजे आमच्या वर्षाची बेगमी तिथे जोराच्या तीन-चार दिवसांत पडून जाते. जिल्हा मात्र एकच. 17,048 चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा. नाव अहमदनगर असो की आता अहिल्यानगर, पावसाची ही तफावत तशीच आहे.

त्या चौकटीतली नावं वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ती गावं पाहिली आहेत? भंडारदऱ्याला सहलीला गेलेले पुष्कळ. रतनवाडीला देऊळ बघून, फोटो काढून परतलेलेही बरेच. पण गाव म्हणून तिथं काय आहे, ते तिथं कसं आलं, कशावर जगतं, याची विचारपूस कमी झाली आहे. म्हणून गणपती उठल्यावर, पाऊस ओसरताना, सावेडीहून निघालो.

वाट मनमाड रस्त्याची. राहुरीला कृषी विद्यापीठ ओलांडायचं, कोल्हारला प्रवरेचा पूल लागतो, तिथून लोणीकडे वळायचं, मग संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी. (नगरच्या बायपासजवळचं शेंडी वेगळं. जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन शेंड्या आहेत.) दीडशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास नदीच्या उलट्या दिशेनं होतो. म्हणजे पाण्यानं काय केलं हे आधी दिसतं आणि पाणी कुठून आलं हे शेवटी. कोल्हार-लोणीला दोन्ही बाजूंना ऊस. लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, आशियातला पहिला म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो. संगमनेरला दूध, टोमॅटो, डाळिंब. अकोल्याच्या पुढे ऊस हळूहळू मागे पडतो. राजूर गेलं की भाताची खाचरं सुरू होतात आणि समोर कळसूबाईची रांग उभी राहते, 1,646 मीटर, महाराष्ट्राचा माथा. अकोल्याच्या या पश्चिम भागाला लोक डांगाण म्हणतात.

शेंडीहून धरणाच्या काठाकाठानं मुतखेल, कोलटेंभे करत वीसेक किलोमीटरवर रतनवाडी. एका पडवीत चहा सांगितला तेव्हा मावशींनी विचारलं, "कुठनं आले दादा?" सावेडी सांगून कळेना, म्हणून नगर सांगितलं. "लई लांबून आले," त्या म्हणाल्या. जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. त्यांचा बाजार राजूरला किंवा घोटीला. नगरचा संबंध कलेक्टर कचेरीपुरता, तोही क्वचित.

गाव बसलं आहे ते एका दरीच्या बंद टोकाला. पश्चिमेला रतनगड, 1,297 मीटर. त्याच्या शेजारी खुट्टा नावाचा सुळका. माथ्यावर कड्याला आरपार भोक पडलेलं आहे, ते नेढं. हा सगळा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही पोकळ्या असलेले, ठिसूळ. वारा-पावसानं ठिसूळ भाग आधी खाल्ला, घट्ट भाग कड्यासारखा उभा राहिला. नेढं तसंच झालं, आणि शेजारच्या साम्रद गावाजवळची सांदण दरीही खडकातल्या भेगेवर पाण्यानं काम केल्यामुळेच. जमिनीत दीड-दोनशे फूट खोल चिरलेली ती अरुंद घळ पाहायला आता राज्यभरातून लोक येतात.

पावसाचं कारणही याच भिंतीत आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग शहापूरच्या सपाटीवरून सरकतात आणि घाटघरच्या कोकणकड्याला येऊन थडकतात. वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही. चढताना हवा थंड होते आणि ओझं इथं उतरवलं जातं. पुढे अकोले शहरापर्यंत येतायेता ढगांत फारसं उरत नाही. नगरला तर उरलंसुरलं. साम्रदच्या शिवारात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. सांदणीत उतरलेलं पाणी कोकणातून अरबी समुद्राला मिळतं. रतनवाडीकडे वळलेलं पाणी प्रवरेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. प्रवरेचा उगम रतनगडाच्या कुशीतला. तिला अमृतवाहिनी म्हणतात. पुराणात समुद्रमंथनाचं अमृत आहे, अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, खाली नेवाशात देवांना अमृत वाढणाऱ्या मोहिनीराजाचं देऊळ आहे. त्याच नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

आमच्या सावेडीच्या नळाला येतं ते मुळा धरणाचं पाणी. मुळा नदीही याच डोंगरातून, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या मधल्या भागातून निघते. म्हणजे इथलं पाणी वापरल्याबद्दल फक्त ऊसवाल्यांनाच दोष द्यायची सोय नाही. सावेडीच्या पाइपलाइन रोडवरचे आम्हीही त्याच हिशेबात आहोत.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यातल्या वाड्यांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. उतार तीव्र, माती पातळ, खाली घट्ट खडक. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, ते धावत सुटतं आणि खाली धरणात जाऊन थांबतं. धरण डोळ्यांसमोर असतं. पण ते उन्हाळ्यात मागे हटत जातं, आणि वाड्या वर उंचावर.

गावाच्या मध्यावर अमृतेश्वराचं देऊळ आहे. पहिल्यांदा पाहणारा थबकतो. कौलारू घरं, खाचरं, गुरं, आणि त्यांच्यामध्ये शिखरापासून जोत्यापर्यंत कोरलेलं काळ्या दगडाचं देऊळ. भूमिज शैलीचं शिखर: चारी बाजूंना नक्षीच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. आत यायला दोन बाजूंनी दारं. गर्भगृहातलं लिंग खाली, पावसाळ्यात ते पाण्यात असतं. जवळ एक चौकोनी पुष्करणी, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या आणि गणपतीच्या मूर्ती.

देऊळ झंझ राजानं बांधलं अशी परंपरा आहे. झंझ हा उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. 916 च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथं झंझाचं राज्य असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. झंझानं शिवाची बारा देवळं बांधल्याचं शिलाहारांच्या ताम्रपटात येतं आणि ती नद्यांच्या उगमांशी होती असं लोक मानतात. मोह होतो ते मान्य करण्याचा. पण शिखराची बांधणी अंबरनाथच्या देवळाची आणि सिन्नरच्या गोंदेश्वराची आठवण करून देते. अंबरनाथचं देऊळ 1060 सालचं. त्यामुळे रतनवाडीचं आजचं बांधकाम झंझाच्या पुढचं, अकराव्या-बाराव्या शतकातलं धरणं मला जास्त पटतं. हेमाडपंताचा तर इथं संबंधच येत नाही. तो यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. तरी हेमाडपंती म्हणायची सवय काही सुटत नाही.

कोणी बांधलं यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त छळत होता. इथं का बांधलं? इतकं खर्चाचं, इतक्या कारागिरांचं काम कुणी दरीच्या टोकाला, कुणाच्या येण्याजाण्यात नसलेल्या वाडीत करत नाही. उत्तर रतनगडावर चढल्यावर मिळतं. लोखंडी शिड्या ओलांडून वर गेलं की त्र्यंबक दरवाजा आणि कोकण दरवाजा अशी नावं कानावर येतात. दरवाज्याला नाव पडतं ते वाट जिकडे जाते तिचं. नेढ्यात बसलं की सगळं एका नजरेत येतं. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई. दक्षिणेला कात्राबाईचा डोंगर आणि त्यापलीकडे हरिश्चंद्रगड. नैऋत्येला आजोबा. पश्चिमेला थेट खाली कोकण. घाटघरहून चोंढे घाट शहापूरकडे उतरतो. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून देशावर यायच्या अनेक घाटवाटांपैकी ही एक. बैलांवर, माणसांच्या पाठीवर लादलेला माल या वाटांनी वर चढत होता, आणि वाट होती म्हणून तिच्यावर नजर ठेवणारा किल्ला होता, जकात होती, मुक्काम होता, देऊळ होतं.

रतनवाडी आज शासनाच्या कागदांत दुर्गम आहे. पण ती दुर्गम होती कधी? रस्त्यावरचं गाव होतं ते. दुर्गमपण नंतर आलं, आणि कसं आलं ते तारखांनी सांगता येतं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि डोंगरी किल्ले इंग्रजांकडे गेले. किल्ल्यांवरच्या शिबंदीला, घाट राखणाऱ्या महादेव कोळी नाईकांना जे हक्क होते, जी वतनं होती, ती गेली किंवा आटली. त्याचा राग या भागात अनेक वर्षं धुमसत राहिला. या रागातून पुढे आलेल्या रामजी भांगरे यांच्यानंतर त्यांचे पुत्र राघोजी भांगरे उठले, ते देवगावचे. देवगाव इथून फार लांब नाही. राघोजींचं बंड सावकारांविरुद्ध आणि सावकारांना राखणाऱ्या सरकारविरुद्ध होतं. कर्जाची वह्या-खाती जाळली गेली, सावकारांची नाकं कापली गेली. 1848 च्या जानेवारीत त्यांना पंढरपुरात पकडलं आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सत्तावनच्या नऊ वर्षं आधी. डांगाणात आज त्यांचे पुतळे आहेत, जयंती होते, गाणी आहेत. शाळेच्या पुस्तकात मात्र त्यांना ओळ-दोन ओळींच्या वर जागा नसते.

मग रेल्वे आली. 1865 मध्ये थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्याहून इगतपुरीला, आगगाडी चढली. मुंबईचा माल आता रुळांवरून नाशिककडे जाऊ लागला. चोंढे घाटाला पाठीवर ओझं नेणाऱ्यांखेरीज कुणी उरलं नाही. त्यानंतर 1878 चा जंगल कायदा. जंगल राखीव झालं तशी शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडणं, गुरं चारणं, मोहाची फुलं वेचणं या गोष्टी गुन्ह्यात जमा होऊ लागल्या. वाटेवरचं गाव आधी आडवाटेला पडलं आणि मग स्वतःच्याच रानात परकं झालं.

शेवटचं काम धरणानं केलं. 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी नगर जिल्हा पोखरून निघाला होता. पूर्वेकडच्या तालुक्यांत माणसं आणि जनावरं मरत होती, आणि पश्चिमेला प्रवरेचं पाणी वाहून जात होतं. त्यातून प्रवरा कालव्यांची योजना आकाराला आली. भंडारदऱ्याला 1910 मध्ये काम सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं. 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक ही नावं तेव्हाची. उंची 270 फूट, म्हणजे 82 मीटर. त्या काळी देशातलं सर्वांत उंच धरण. साठा 11 टीएमसी. नदीतून सोडलेलं पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यात घेतलं जातं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी भिजतात. धरण जुनं, दगड-चुन्याचं. 1969 मध्ये भिंतीला तडे दिसून गळती लागली तेव्हा खालच्या गावांची झोप उडाली होती. नंतर मागून पुस्त्यांचा आधार देऊन भिंत बळकट केली. आजही ती उभी आहे आणि स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे धरण भरलं की खाली पेढे वाटले जातात.

या सगळ्यात धरणाच्या पाठीमागं काय झालं? दरीचा तळ बुडाला. डोंगरी गावात सपाट, खोल मातीची जमीन असते ती नदीकाठाला, आणि तीच गेली. उरली ती उतारावरची. शेंडीकडे जाणारी दरीतली वाटही पाण्याखाली गेली. पुढे पक्का रस्ता होईपर्यंत रतनवाडीला यायचं तर शेंडीहून लाँचनं पाण्यातून, किंवा डोंगराच्या कडेकडेनं पायी. जुन्या गिर्यारोहकांना हा लाँचचा प्रवास आठवतो आणि तो रम्यच वाटतो. बाळंतपणाला अडलेल्या बाईला तो कसा वाटला असेल हे वेगळं सांगायला नको.

धरण बांधू नये असं मी म्हणत नाही. त्या पाण्यावर जिल्ह्याचा निम्मा संसार उभा राहिला. हिशेब कुणी मांडला, एवढाच मुद्दा आहे.

असं काही जगात इतरत्रही झालं. फ्रान्सच्या आल्प्समध्ये, साव्हुआ भागात, इझेर नदीच्या वरच्या दरीत तीन्य नावाचं छोटं गाव होतं. गुरं, चीज, गवत, लांब हिवाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला वीज हवी होती. 180 मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं आणि 1952 मध्ये गाव पाण्यात गेलं. गावकरी लढले, हटायला तयार नव्हते, शेवटी पोलिसांनी घराबाहेर काढलं. स्मशानातले मृतही उकरून हलवावे लागले. चर्चची प्रतिकृती नव्या जागी बांधली. धरण तपासणीसाठी रिकामं केलं की गाळातून जुन्या गावाची जोती वर येत. इथवर दोन्ही गोष्टी ओळखीच्या वाटतात. पुढे मात्र त्या वेगळ्या होतात. तीन्यच्या लोकांनी वरच्या माळावर नवं गाव वसवलं, बर्फावरच्या खेळांचं केंद्र उभं केलं, आणि 1992 च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या काही स्पर्धा तिथं झाल्या. याला त्यांची जिद्द कारण होतीच, कायदाही होता. फ्रान्सच्या 1919 च्या जलविद्युत कायद्यात प्रकल्पाच्या विजेचा काही वाटा त्या भागासाठी राखून ठेवायची तरतूद होती. 1985 मध्ये तिथं डोंगरी प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदाच झाला.

आपल्याकडेही डोंगरी विकास कार्यक्रम आहे आणि अकोले त्यात येतो. पेसा आहे, वनहक्क कायदा आहे, राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. कायदे कमी नाहीत. पण पाण्याचा आणि विजेचा वाटा या शब्दांत त्यांपैकी एकही बोलत नाही. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरचं धरण घाटावर, खालचं कोकणात. दिवसा मागणीच्या वेळी पाणी खाली सोडून वीज करायची, रात्री स्वस्त विजेवर तेच पाणी वर चढवायचं. जपानी कर्जावर उभा राहिलेला, 2008 पासून चालणारा हा प्रकल्प तंत्र म्हणून थक्क करणारा आहे. त्याच्या आसपासच्या वाड्यांत पावसाळ्यात दिवे जाणं हा मात्र कुणाला बातमीचा विषय वाटत नाही.

रतनवाडीत लोक महादेव कोळी आणि ठाकर. पोट भातावर, नागली-वरईवर, खुरासणीवर. उन्हाळ्यात शेताचा तुकडा पालापाचोळा, शेण, फांद्या घालून भाजायचा, तो राब. पहिल्या पावसाला त्यात रोप टाकायचं. मग चिखलणी आणि आवणी, भर पावसात, कमरेत वाकून. पूर्वी डोक्यावर इरलं असे. आता पाठीवर प्लास्टिकचा कागद. मी गेलो तेव्हा हळवा भात पोटरीत होता आणि बांधांवर सोनकीनं पिवळा रंग चढवला होता. काळभातासारख्या जुन्या जाती संकरित बियाण्यांपुढे मागे पडत होत्या, त्या काही प्रमाणात परत येताहेत. त्यामागे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि पद्मश्रीपर्यंत पोचल्या.

गुरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण डांगी बैल हा या भूगोलाचाच अवयव आहे. काळे-पांढरे ठिपके, मध्यम बांधा, काळे टणक खूर. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव होतो, त्यामुळे चार महिने पावसात उभं राहूनही अंग सडत नाही. खिलार किंवा जर्सी इथं आणून बांधा, एक पावसाळा काढणार नाही. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. भाताचं खाचर मात्र आता छोट्या यंत्रानं चिखलायची सोय झाल्यामुळे बैलजोडी ठेवणं परवडत नाही, आणि दुधासाठी कुणी डांगी गाय ठेवत नाही. एक अख्खी जात, जी या पावसासाठी घडली, ती पाऊस तेवढाच असूनही कमी होत चालली आहे.

भात निघाला की गाव रिकामं होऊ लागतं. तरणी माणसं नारायणगावकडे, जुन्नर-ओतूरच्या बागायतीत, नाशिकच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर रानातला बाळहिरडा वेचून, वाळवून विकायचा, त्यातून रोख पैसा मिळतो. हा पैसा भावावर अवलंबून आणि भाव व्यापाऱ्यावर. प्रवरेचं पाणी ज्या पट्ट्यात जातं तिथं मजुरीला माणूस लागतो, आणि तो पाणलोटातून येतो.

1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 362 चौरस किलोमीटरचं. रान राहिलं हे खरं. बंधनंही आली. वाघ या रानातून कधीच गेला, बिबट्या उरला. पण वाघोबाला मान आजही आहे. आश्विनातल्या वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गायवासराला ओवाळतो. डांगाणात तीच वाघबारस. गुराखी पोरं रानात वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, दुधाची खीर शिजवतात, नैवेद्य दाखवतात. आमची गुरं राख, एवढंच मागणं. ज्यानं खायचं त्यालाच राखायला सांगायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता पैसा येतो आहे तो पर्यटनातून. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबराची झाडं काजव्यांनी लखलखतात. एका झाडावरचे हजारो काजवे एका तालात उजळतात आणि विझतात. हा नर-मादीचा संवाद आहे आणि त्याला अंधार लागतो. गाड्यांच्या हेडलाइटनं, मोबाइलच्या टॉर्चनं तो तुटतो. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुणे-नाशिकहून एवढ्या गाड्या येतात की वनविभागाला प्रवेशशुल्क, वेळेचं बंधन, वाहनबंदी करावी लागली. जलाशयाच्या काठावर तंबू, स्पीकर, शेकोट्या. गावातल्या पोरांना यातून काम मिळालं: वाटाडे, स्वयंपाक, तंबू भाड्यानं. काही घरांनी पडवी वाढवून मुक्कामाची सोय केली. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, जोडीला भात आणि आमटी. चव उत्तम. पण काठावरची मोठी गुंतवणूक बाहेरची आहे, आणि हंगाम आहे दोन-तीन महिन्यांचा. गावाच्या वाट्याला कचरा बारा महिने.

पाणीवाटपाच्या भांडणात दरवर्षी भरपूर आवाज होतो. निळवंडे धरणाला 1970 मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये झालं. त्रेपन्न वर्षं लाभक्षेत्रातल्या गावांनी वाट पाहिली, मोर्चे काढले. जायकवाडीत साठा कमी असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा सामना होतो, न्यायालयात जातो. सगळ्यांची गरज खरी आहे. पण या वाटपाच्या कागदावर पहिली ओळ धरणाच्या भिंतीपासून सुरू होते. भिंतीच्या वरची गावं त्यात नाहीतच. माझं मत स्पष्ट आहे: कारखाना, महापालिका, वीज कंपनी यांच्याकडून पाण्याचे जे पैसे गोळा होतात त्यातला ठरावीक वाटा कायद्यानं पाणलोटातल्या ग्रामसभांना मिळाला पाहिजे, आणि त्यांच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाणी मिळेपर्यंत तो कुठल्याही दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये. सावेडीत राहणाऱ्या माझ्या पाणीपट्टीतही त्यासाठी चार पैसे वाढले तर हरकत नाही.

जाणार असाल तर काजव्यांच्या गर्दीत जाऊ नका. सप्टेंबर अखेरीला जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी. राजूरला गाडीची टाकी भरून घ्या. मुक्काम काठावरच्या तंबूत न करता गावातल्या घरी करा, जेवायला किती जण आहात ते आदल्या दिवशी कळवा, पुष्करणीत उतरू नका, आणि बाटल्या परत घेऊन या.